देवघरामागचा सांधा

आमच्याकडे ग्रीसचा डबा स्वयंपाकघरात असतो, हिंगाच्या डबीशेजारी. हिंदी मुलखातल्या आमच्या या अवधपुरी वसाहतीत बऱ्याच घरांत असेल. आमच्या ह्यांची सगळी नोकरी इथल्या कारखान्यात गेली, आणि त्या माणसांचा ग्रीसवर जेवढा विश्वास तेवढा देवावरही नसतो. दार कुरकुरलं, लाव ग्रीस. कडी अडकली, लाव ग्रीस. माझा गुडघा धरला तेव्हाही ह्यांनी एकदा त्या डब्याकडे पाहिलं होतं, हे मी शपथेवर सांगते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही वरचा मजला चढवत होतो, तेव्हाच पुण्याहून सासूबाई आल्या. आता इथेच राहा, असा आग्रह माझाच होता. त्यात माझा स्वार्थ होता. या घरात माझ्या विनोदांना हसणारं तेवढं एकच माणूस आहे.

त्या आल्या, पण त्यांचे देव बॅगेतच राहिले, रेशमी फडक्यात गुंडाळलेले. घोडं अडलं होतं ते पाइपाशी. वरच्या बाथरूमचा पाइप खाली उतरायला एकच जागा होती, आणि ती नेमकी देवघराच्या भिंतीमागे. देवघर हलवायचं तर ईशान्य कोपरा सुटणार, तेही त्यांना चालेना.

"अगं, मी कटकट करणार नाही," त्या म्हणाल्या. "पण त्या पाण्याची ओल माझ्या देवांच्या भिंतीला आली, तर मी पुण्याला परत जाईन. रागावून नाही हं. पण जाईन."

न रागावता बोललेला शब्द त्यांनी कधी मागे घेतलेला नाही. मला तो अनुभव लग्नापासूनचा आहे.

या पाइपांच्या एका टोकाला रुंद तोंड असतं, त्याच्या खाचेत रबराची रिंग, आणि तिच्यातून दुसरा पाइप दाबून बसवायचा. कोरडा दाबला तर रिंग मुडपते, म्हणून काहीतरी बुळबुळीत लावावं लागतं. ते काय असावं, यावर अंगणात परिषद भरली. प्लंबर म्हणाला, "भाभीजी, सरसों का तेल लगा देते हैं, सब वही लगाते हैं." ह्यांनी अर्थातच डबा आणला. "ग्रीस पाण्याने धुऊन जात नाही," हे म्हणाले. मी म्हटलं, साबणाचं पाणी लावा, नाहीतर पाइपांसाठी मिळतं ते पांढरं मलम आणा. दोघेही हसले. मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात सगळ्यात खालचा सांधा, देवघरामागचाच, ग्रीस लावून बसवलाही. मग प्लंबर मेहुण्याच्या लग्नाला गावी निघून गेला.

माझी खात्री कुठून आली होती? कुकरमधून. फोडणीचं तेल लागून लागून कुकरची रिंग कशी ऐसपैस होते, झाकणात मावेनाशी होते, हे जिने पाहिलंय तिला रबराचं आणि तेलाचं वैर कुणी शिकवायला नको. मी उरलेल्या रिंगांपैकी एक ग्रीसमध्ये, एक मोहरीच्या तेलात आणि एक साबणाच्या पाण्यात बुडवून तिन्ही वाट्या गच्चीवर ठेवून दिल्या.

प्लंबर परतला तेव्हा वाट्या खाली आणल्या. साबणातली रिंग होती तशी होती. तेलातली जरा सैलावली होती. ग्रीसमधली फुगून भिजल्या पापडासारखी लिबलिबीत झाली होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण आमच्या ह्यांना आरसाही पुरत नाही. त्यांनी कपाटातून व्हर्नियर काढला, रिंगांची जाडी मोजली, पुन्हा मोजली, आणि व्हर्नियर पेटीत ठेवून दिला. आमच्या घरात हार अशीच कळवली जाते. मग स्कूटर काढून ते बिट्टन मार्केटला गेले आणि पांढरं मलम घेऊन आले.

आल्यावर म्हणाले, "वरच्या सांध्यांना हे लावू. खालचा राहू दे आता. उद्या प्लास्टर होईल, कुणाला दिसणार आहे?"

मी भडकले. "देवांना सोडून कुणालाच नाही! अहो, ज्या एका सांध्यासाठी हा खटाटोप, तोच तसा ठेवायचा?"

आतून सासूबाईंचं हसू ऐकू आलं. सांधा उघडला. रिंग फुगून खाचेबाहेर आली होती. प्लंबरने सगळं पुसून काढलं, नवी रिंग बसवली, मलम लावलं, आणि ह्यांनी स्वतः पाइप दाबला. तो अलगद आत गेला. "बसला," एवढंच हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर थांबवून, पाइपाचं खालचं तोंड बंद करून तो वरपर्यंत पाण्याने भरला आणि दिवसभर तसाच ठेवला. संध्याकाळी सासूबाई देवघरात गेल्या. भिंतीवरून तळहात फिरवला, मग गाल टेकवून उभ्या राहिल्या. सांध्याची मला काळजी नव्हती. त्यांच्या मनाची होती. त्या इथे राहाव्यात असं मला किती वाटत होतं, ते तेव्हा कळलं, कारण मला एकही विनोद सुचेना.

त्या खोलीत गेल्या. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. रेशमी गाठोडं दोन्ही हातांत धरून त्या बाहेर आल्या.

"दिव्याचं तेल कुठे ठेवतेस गं?"

"ग्रीसच्या डब्यामागे," मी म्हटलं.

त्या इतक्या हसल्या की हातातले देव सांभाळेनात, खाली ठेवावे लागले. ठेवले ते देवघरातच.