उताराच्या शेवटचा नळ

मंडळी, मी शाळेत विज्ञान शिकवतो. आजचं सांगायची लाज वाटतेय, तरी सांगतो.

आठ दिवसांनी आज सकाळी मुकुंदवाडीत आमच्या गल्लीला नळ आले. रविवारी मीच सगळ्यांना जमवून सांगितलं होतं, "नळाला मोटारी लावू नका. टाकी उंचावर आहे. गुरुत्वाकर्षणानं पाणी आपोआप उतारानं शेवटच्या घरापर्यंत जातं." सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

दहा मिनिटं खरंच एकही मोटार वाजली नाही. मग कोपऱ्यावरच्या घरातली वाजली. मग समोरची. माझ्या नळाची धार करंगळीएवढी झाली, तसं मीही बटन दाबलं.

थोड्या वेळानं शेवटच्या घरातल्या शेवंताकाकू रिकामी घागर घेऊन दारात आल्या. त्यांच्याकडं मोटार नाही.

"सर, तुम्हीच म्हणले व्हते, पाणी खाली येतं. माझं घर तर समद्यात खाली हाय. मग मला थेंबबी का नाय आला?"

मागं माझी मोटार चालू होती, आणि ती आम्हा दोघांनाही ऐकू येत होती.

उद्या वर्गात हाच धडा आहे. कोणत्या तोंडानं शिकवू?