टेकडीवरची आरोळी

आमच्या गावामागची चुनखडीची टेकडी बुटकीच होती, पण चढ असा की चढणाऱ्याचं नाक दगडाला घासावं. खैरलांजीकडच्या त्या धानाच्या मुलखात तेव्हा भोंगे आले नव्हते. मंडईच्या जत्रेदिवशी, रात्रीच्या दंडारीच्या नाटकात जो राजा होणार त्याने दुपारी टेकडीवरून आरोळी द्यायची. ती शेतांपर्यंत पोचली, तरच मुकुट. आणि घरात कुणी गेलं की त्या घरच्या बाईने वर जाऊन हाक घालायची. मग लोक विळे टाकून तिरडीचे बांबू घेऊन निघत. दुरून शब्द कळत नसत, नुसता आवाज. गड्याचा आवाज दंडारीचा, बाईचा मयताचा.

माझे मामा आमचे कायमचे राजे. एरवी ते चुन्याच्या भट्टीवर राबत आणि भट्टीने त्यांची छाती खाऊन टाकली होती. त्या वर्षी मंडळी म्हणाली, मुकुट दुसऱ्याले देऊ. झालं! मामा धोतर खोचून निघाले. मागे मामी, तिच्यामागे पाण्याचा लोटा घेऊन मी.

"पाह्य, राजा रांगून राह्यला," मामी मला म्हणाली.

"तू चूप. राणी मागूनच येते."

"मेले तं तुमाले उचलू कशी?"

"भाचा हाय न! त्याले एवढे दिवस काहून खिलवलं?"

वर पोचलो तेव्हा घामात पांढरी भुकटी कालवून आम्ही तिघं भुतं झालो होतो. मामांनी हात पसरले, छाती भरली, तोंड उघडलं. आत नुसती शिट्टी वाजली. पुन्हा जोर केला, तर पांढऱ्या दगडावर रक्त पडलं. खाली कुणी मानही वर केली नाही.

मामीला ते बघवेना. तिने पदर खोचला आणि मामांची आरोळी स्वतःच ठोकली.

खाली विळे थांबले. थोड्या वेळाने निम्मं गाव बांबू, दोर, कोरं कापड घेऊन वर हजर! मामा दगडावर बसून टुकुटुकू पाहताहेत.

"अबे, जिता हाय!"

काय हसले लोक! मामाही हसले. "आले तं रिकामे काहून जाता? न्या मले." त्यांच्याने उतरवणार नव्हतंच. तिरडीवर मांडी घालून, प्रजेला हात करत राजे खाली आले. रात्री मुकुट मात्र दुसऱ्याच्या डोक्यावर होता.

धान कापून व्हायच्या आत मामा गेले. मयत एकटं सोडायचं नसतं, म्हणून मी जवळ बसलो आणि मामी टेकडी चढली. अंगणातून ती दिसत होती, पलीकडचं शेतही. तिने हाक घातली. शेतातून हसण्याचा आवाज आला.

"हौ वो मामी, समजलं! आज कोणतं सोंग हाय राजाचं?"

मामी हाका घालत राहिली. विळे चालूच. शेवटी तिचा गळा बसला आणि तीही नुसती तोंड उघडून उभी राहिली. तेव्हा कुठे एकाने वर बघितलं आणि विळा खाली ठेवला.