सहावा टोमॅटो

शनिवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी डुगल्ड मक्रिंडल काचघरात गुडघे टेकून एकेक टोमॅटो आकार मोजायच्या लोखंडी कड्याला लावून पाहत होता. स्कॉटलंडमधल्या गिर्व्हनजवळच्या त्या किनारी गावात आज भाजीपाल्याचं वार्षिक प्रदर्शन होतं. टोमॅटोचा चषक त्याने सलग दोन वर्षं मारला होता. तिसऱ्यांदा जिंकला की तो कायमचा घरात. कपाटावरची जागा त्याने मे महिन्यातच रिकामी करून ठेवली होती.

वाण एल्सा क्रेग. समोर समुद्रात उभ्या असलेल्या खडकाचं नाव, आणि बी वडिलांच्या वेळेपासून घरचं. चव अशी की दुकानातला टोमॅटो पुन्हा तोंडात धरवत नाही. पण नखरे फार. एकच खोड दोरीवर चढवायचं, बगलेतले फुटवे खुडत राहायचं, फळ धरावं म्हणून दुपारी फुलांच्या घोसांना टिचक्या मारायच्या, आणि ऊन तापलं की काचेला बाहेरून चुना फासायचा. नाही फासला, तर देठाभोवती हिरवी, टणक कड राहते. फळ कितीही पिकलं तरी ती हटत नाही. डुगल्डने यंदा चुना फासला नव्हता. वडील फासत नसत, हे त्याचं कारण. वडिलांना एकदाही चषक मिळाला नव्हता, हे तो सांगत नसे.

परिणामी एकसारखी, निर्दोष फळं निघाली पाच.

"पाच झाले ना? मग ये आत, चहा गार होतोय," त्याच्या बायकोने, नेट्टाने, दारातून हाक मारली.

"सहा लागतात. एकतीस वर्षं प्रदर्शनाचा सचिव आहे मी. आता तू शिकव मला!"

"छे! तू शिकण्यापलीकडे गेलास."

सहावं फळ सात वाजता सापडलं, नेट्टाने दुपारच्या जेवणासाठी खिडकीत ठेवलेलं. त्याने ते न विचारता उचललं.

सचिव म्हणून डुगल्डचा गावात दरारा होता. गेल्या वर्षी इना गिलख्रिस्टच्या गाजरांच्या बशीत शोभेचं एक पान होतं, तेवढ्यावरून त्याने ती बशी बाद करवली होती. नियम म्हणजे नियम.

दुपारी दोनला सभागृह उघडलं. त्याच्या सहा टोमॅटोंसमोर 'नियमबाह्य' असं कार्ड होतं.

"बोर्थविकसाहेब, हे काय?" त्याने परीक्षकांना गाठलं.

"मक्रिंडल, नियमांच्या पुस्तिकेत पाच लिहिलंय. तुमचीच सही आहे खाली."

होतीच. फेब्रुवारीच्या बैठकीत त्यानेच सहाचे पाच करून घेतले होते. 'नवोदितांना उत्तेजन' असं कारण नोंदवलं होतं. खरं कारण, सहा फळं जुळवताना त्यालाच घाम फुटत होता. आणि मग एकतीस वर्षांच्या सवयीने तो ठराव साफ विसरला.

"पुस्तिका मी टाइप केली होती, डुगल्ड," नेट्टा म्हणाली.

"मग सकाळी बोलली का नाहीस?"

"बोलले की! 'पाच झाले ना' म्हणाले. पण तेव्हा तू सचिव होतास."

चषक इनाला गेला. तिचं वाण दुकानातलं संकरित, हिरवी कड नाही, चवही नाही. जाता जाता ती थांबली. "डुगल्ड, एक जास्तीचा दिसतोय. सँडविचला देतोस?"

डुगल्ड दाराकडे वळला. सभागृहाच्या दारावर त्याच्याच अक्षरातली सूचना होती: रविवार, सकाळी दहा. टेबलं उचलणे, झाडलोट. जबाबदारी: सचिव.