तीनदा धुतलेला गालिचा

नाना दरोगा हे नाव काढलं की रामबागेतले लोक अजून हातातला कागदाचा बोळा खिशात टाकतात. दरोगा म्हणजे पोलिसातले नव्हेत हं. महापालिकेतले, सफाईचे. इंदुरात त्यांना दरोगाच म्हणतात. भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस दिसला की नाना स्कूटर थांबवायचे आणि चारचौघांत गरजायचे, "क्यों भिया, पिताजी की दीवार है क्या?" दंड तर करायचेच, वर त्याच्याच हातात बादली देऊन भिंत धुवून घ्यायचे. निवृत्त झाल्यावरसुद्धा स्वच्छतेत शहराचा पहिला नंबर जाहीर झाला की गल्लीभर पेढे वाटत फिरायचे. आता असा हा माणूस, आणि त्याच्या नशिबी काय यावं!

बायको गेली तेव्हा मुलगा यशोधन म्हणाला, "एकटे कशाला राहता? चला आमच्याकडे." नानांनी रामबागेतली भाड्याची जागा सोडली, भांडीकुंडी वाटून टाकली आणि शहराबाहेर राऊला त्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आले. आता त्यांना परतायला जागा नव्हती. राहायचं तर इथेच, मुलगा-सून ठेवतील तसं.

सून शलाका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. वाईट नव्हती बिचारी. नानांचा चहा, गोळ्या, सगळं वेळच्या वेळी बघायची. पण हॉलमध्ये तिचा एक गालिचा होता, जयपूरहून आणलेला, अस्सल लोकरीचा, सायीच्या रंगाचा. त्याच्यावर तिचा फार जीव. येणाऱ्याजाणाऱ्याला दारातच सांगायची, "प्लीज, चपला बाहेर."

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर नानांचा लघवीवरचा ताबा गेला. एका दुपारी घरात कुणी नव्हतं, ते सोफ्यावरून उठले आणि बाथरूमपर्यंत पोचलेच नाहीत. गालिच्याच्या ऐन मध्यावर झालं. नाना थिजून उभे राहिले. मग त्यांनी तेच केलं जे नोकरीभर केलं होतं: फिनाइलची बाटली आणली, अख्खी ओतली आणि खराट्यासारख्या ब्रशने घासघास घासलं. गटारीला चालतं ते लोकरीला कसं चालेल? संध्याकाळपर्यंत ताटाएवढं पिवळं वर्तुळ उमटलं आणि मुताचा नि फिनाइलचा असा काही मिश्र दर्प सुटला की शलाका दारातूनच नाकाला ओढणी लावून आत आली.

कुणी काही बोललं नाही. हेच तर नानांना खाऊ लागलं. ओरडा की रे, म्हणा की म्हाताऱ्या काय केलंस हे! पण नाही. घरात बोलणं चालू झालं ते फक्त गालिच्याचं.

आधी शॅम्पूवाले आले. गोल ब्रशचं मशीन फिरवून त्यांनी फेसच फेस केला. त्या दिवशी गालिचा असा उजळला की शलाकाने फोटो काढून आईला पाठवला. वाळल्यावर मात्र दर्प परत आला, आणि आत राहिलेल्या साबणाने धूळ अशी धरली की वर्तुळ पिवळ्याचं काळपट झालं. मग यशोधनने रात्रभर व्हिडिओ बघून ठरवलं, वाफेची पद्धत बेस्ट. गरम पाणी जोरात सोडायचं आणि लगेच मशीनने ओढून घ्यायचं. पण पाणी खालच्या जाड कापडापर्यंत मुरलं. दिवसरात्र पंखे लावले तरी ओल जाईना, आणि घरभर ओल्या कुत्र्यासारखा वास.

"कोरड्या पावडरीने करायला हवं होतं," शलाका म्हणाली.

"पावडर वरवरची असते, तूच म्हणाली होतीस."

"मग तूच सांग ना काय करायचं!"

जेवताना हेच, झोपताना हेच. नाना पानावर मान खाली घालून बसायचे. पाणी पिणंच सोडलं होतं त्यांनी. तरीसुद्धा आणखी दोनदा झालंच, त्याच जागी. प्रत्येक वेळी शलाका गुपचूप टॉवेल टाकायची आणि यशोधन फोन घेऊन गॅलरीत जायचा. तिथे तो हळू आवाजात कुणाशी बोलतो, याकडे नानांनी लक्ष दिलं नाही. असेल कुणी गालिचेवाला.

शेवटी विष्णू नावाचा गालिचे धुणारा माणूस आला. पेटी उघडण्याआधी तो गुडघ्यांवर बसला, कोपरा उलटून खालची बाजू हुंगली आणि म्हणाला, "शैम्पू ने साबुन छोड़ दिया, गरम पानी ने दाग पक्का कर दिया. पाउडर अंदर तक जाएगा नहीं. पहले ये बताओ मैडम, किया किसने है? बच्चे ने कि जानवर ने? उस हिसाब से दवा लगेगी."

नाना समोरच सोफ्यावर बसले होते, यशोधन बाजूला उभा होता. शलाकाचा चेहरा लालबुंद झाला. तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि पटकन म्हणाली, "डॉगी है. बूढ़ा है."

आता खरं सांगायचं तर पोरीने सासऱ्याची लाज राखायलाच तोंडाला आलं ते सांगितलं. नानांनासुद्धा ते कळलं. त्यांनी मान डोलावली. हो बुवा, आहे एक म्हातारा कुत्रा.

विष्णू औषध फवारता फवारता बोलत राहिला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत! "तो फिर भाईसाब, कोई तरीका काम नहीं आने का. मैं आज धोऊँगा, वो कल फिर कर देगा. बूढ़े जानवर का कुछ नहीं हो सकता. उसको कहीं रखवा दो."

"हाँ," यशोधन म्हणाला, "मानपुर की तरफ एक जगह बात हो गई है."

नानांना वाटलं, पोरगं बायकोची थाप सावरतंय. ते थोडेसे हसलेसुद्धा. पण मानपूर? थाप मारताना माणूस एवढं गावाचं नाव कशाला घेईल? गॅलरीतले ते हळू आवाजातले फोन आठवले आणि कळलं, ते गालिचेवाल्याला नव्हतेच.

विष्णू आपलं सामान आवरून गेला. शलाका पंखा वाढवून आत निघून गेली. हॉलमध्ये बापलेक दोघेच उरले. यशोधन ओल्या गालिच्याकडे बघत उभा होता.

"यशा," नाना म्हणाले, "कुत्र्याला कधी न्यायचंय?"

आणि ते वाट बघत राहिले. आता तो चमकेल. म्हणेल, काहीतरीच काय नाना, कुठला कुत्रा? एवढं जरी म्हणाला असता ना, तरी नाना मानपूरलाच काय, कुठेही मुकाट्याने गेले असते.

"एक तारखेला," यशोधन म्हणाला. "मी सुट्टी टाकलीय."

कुठला कुत्रा, असं त्याने विचारलंसुद्धा नाही.