गुण ऐकणाऱ्याला

मुलं पाठीमागे बाईंना ‘कानबाई’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं. शिक्षकांना पोरं काय काय नावं ठेवतात ते पाहता हे नाव म्हणजे सत्कारच म्हणायचा.

शाळेत येण्यापूर्वी बाई वीज कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसत. वीज गेली की लोकांचा पारा चढे आणि तो सगळा बाईंच्या कानांवर उतरे. तिथे एक नियम होता. माणूस काय म्हणाला ते आधी त्याचं त्याला परत सांगायचं, पुढचं मग. नुसतं परत सांगितलं तरी निम्म्या लोकांचा राग तिथेच विझायचा. वीज नंतर यायची.

शिक्षिका झाल्यावर हाच नियम बाईंनी नववी-दहावीच्या वर्गात आणला. शाळेने टॅबलेट घेतले, तेव्हा पोरं फोडतील या भीतीने बाकीच्यांनी ते कपाटात कुलूपबंद केले होते. बाईंनी एकदा किल्ली मागून नेली ती परत दिलीच नाही. त्यांच्या संवादकौशल्याच्या तासाला एकाने बोलून रेकॉर्ड करायचं, दुसऱ्याने हेडफोन लावून ऐकायचं, आणि मग उभं राहून वर्गाला सांगायचं की हा काय म्हणाला. ते चालू असताना बोलणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. गुण मिळायचे ते ऐकणाऱ्याला.

“बाई, बोललो मी आणि गुण ह्याला?” पहिल्या दिवशी एकजण उसळला.

“मग उद्या तू ऐक.”

त्या वर्गात बोलताना अडखळणारी एक मुलगी होती. शब्दाच्या उंबऱ्यावर ती उभी राही आणि आत शिरायला तिला वेळ लागे. पोरांनी तिचं नाव ‘स्टॉप’ ठेवलं होतं. ज्याने ते ठेवलं त्यालाच बाईंनी तिचा जोडीदार केलं. आधी तो रडकुंडीला आला, पण पुढे वर्गात त्याच्याइतकं नीट ऐकणारं कोणी उरलं नाही. मुलगीही बोलायला लागली. बोलायला लागली म्हणजे अडखळायची थांबली असं नव्हे. अडखळत बोलायला लागली, एवढंच. बाईंच्या लेखी ते पुष्कळ होतं.

आणि मग मुख्याध्यापकांनी बोलणं तपासणारा एक प्रोग्राम आणला. टॅबलेटसमोर बोलायचं, की पडद्यावर दिवा लागे. सलग बोललात तर हिरवा, मध्ये थांबलात तर लाल. एका बहाद्दराने पंख्याच्या खोक्यावरच्या सूचना एका दमात वाचून हिरवा दिवा मिळवला आणि दिवसभर कॉलर ताठ करून फिरला. मुख्याध्यापक मात्र त्या दिव्यावर बेहद्द खूश होते. त्यांनी पालकांसमोर संवादकौशल्याचं प्रात्यक्षिक ठरवलं आणि जाहीर केलं, की ज्यांचा दिवा लाल त्यांना वर्षअखेरच्या तोंडी परीक्षेतून सूट.

सूट म्हणजे काय, ते बाईंना बरोबर कळलं. गुणपत्रिकेत त्या परीक्षेच्या गुणांच्या जागी एक आडवी रेघ येणार होती आणि पुढच्या वर्षी त्या अडखळणाऱ्या मुलीला हा विषयच घेता येणार नव्हता. बाई तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या.

“सर, तिला बोलू द्यायचं नाही असं सरळ सांगा ना. सूट कशाला म्हणता?”

“अहो बाई, दया म्हणून करतोय. चारचौघांत पोरीची फजिती कशाला?”

“पोरीला गप्प बसवायचं आणि वर त्याला दया म्हणायचं? मला नाही जमत.”

“मग आणा हिरवा दिवा,” मुख्याध्यापक हसले. “घोडामैदान जवळच आहे.”

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रागाच्या भरात शहाणी माणसं जो गाढवपणा करतात तोच त्यांनी केला. मुलीचं एक रेकॉर्डिंग घरी नेलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिचं प्रत्येक अडखळणं, प्रत्येक थांबणं कापून टाकलं. नणंद भाजी निवडत होती. ऐकून म्हणाली, “वहिनी, ही पोर रेडिओवर बोलते का गं?” बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. प्रोग्रामला ऐकवलं तर हिरवागार दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मोठ्या उत्साहाने हेडफोन मुलीच्या कानांना लावले. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि ते काढून टेबलावर ठेवले.

“बाई, ही को... कोण आहे?”

“अगं, तूच!”

“नाही. मी थां-थांबते ना, तिथेपण मीच असते. तुम्ही म-मलाच कापलंत.”

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जन्मभर दुसऱ्यांना ‘ऐका, ऐका’ म्हणून सांगणाऱ्या बाईंनी नेमकं ऐकायचं तेवढंच कापलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीच्या देखत त्यांनी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

“चुकलं माझं. आता काय करू या, तू सांग.”

“मला बो-बोलू द्या. सगळ्यांसमोर.”

“दिवा लाल लागेल.”

“ला-लागू दे.”

प्रात्यक्षिकाच्या दिवशी सभागृह भरलं. दिवा सगळ्यांना दिसावा म्हणून मंचावर मोठा पडदा लावला होता. नावं पुकारायचं काम बाईंकडे होतं. हिरव्या दिव्याची मुलं एकामागून एक आली, धडाधड बोलली, टाळ्या घेऊन गेली. शेवटी बाईंनी जे नाव पुकारलं ते यादीत नव्हतं. मुख्याध्यापकांनी जोरजोरात मान हलवली. बाईंनी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

मुलगी उभी राहिली. तोंड उघडताच मागच्या पडद्यावर लाल दिवा लागला.

ती डॉक्टरांकडे गेली होती त्याची गोष्ट सांगत होती. गुडघा दुखत होता. पण तिचा शब्द अडला आणि डॉक्टरांनी तो स्वतःच पुरा केला. म्हणाले, पोट ना? झालं, पोटाचं औषध दिलं. खोडून काढायला फार वेळ लागला असता, म्हणून तिने ते मुकाट्याने घेतलं. “गु-गुडघा दुखतच होता. म-मग पोटपण दुखायला लागलं.”

लोक हसले, आणि ते तिला हसत नव्हते. पुढच्या शब्दावर ती पुन्हा अडली. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मदत म्हणून तो शब्द पुरवला. तिने त्यांच्याकडे पाहिलं, थांबली, आणि तिला म्हणायचा होता तो, अगदी वेगळाच शब्द उच्चारला. इकडे बाईंचेही ओठ हलायला लागले होते, ते त्यांनी दातांखाली धरले.

आणखी एक शब्द अडला, तेव्हा मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. “वा, वा, शाब्बास!” थांबणं संपलं म्हणून सुटल्यासारखं वाटून सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. मुलगी जागची हलली नाही. टाळ्या विरेपर्यंत तिने वाट पाहिली.

“सर, माझं अ-अजून संपलं नाही.”

बाई माइक घेऊन थेट पहिल्या रांगेत गेल्या. “सर, आमच्या तासाला ऐकणाऱ्याने परत सांगायचं असतं. काय म्हणाली ती?”

मुख्याध्यापकांनी पडद्याकडे पाहिलं. “ती... थोडी अडखळली, पण प्रयत्न स्तुत्य होता.”

“ते दिव्याने सांगितलं. ती काय म्हणाली?”

मुख्याध्यापक पुन्हा पडद्याकडे पाहू लागले. मागच्या रांगेतून मुलीची आई ओरडली, “गुडघा, सर, गुडघा!” आणि सगळीकडे हशा पिकला. मंचावरची मुलगी मात्र हसली नाही.

“सर, तुम्ही ऐ-ऐकलं नाहीत. म्हणजे सूट मला नको, तु-तुम्हाला हवी.”

मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. “बरं, बरं. सूट रद्द,” ते पुटपुटले.

बाईंनी माइक त्यांच्या तोंडासमोर धरला. “मोठ्याने, सर.”

त्यांनी मोठ्याने सांगितलं. बाई तिथेच उभ्या राहिल्या. मुलीने पडद्याकडे पाठ ठेवली आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. पहिल्याच शब्दावर ती अडली. बराच वेळ गेला. तो शब्द कोणीही पुरा केला नाही.