रिळातले शेवटचे चार फोटो

माझ्या नावावर जो फोटो गाजला तो मी काढलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो. शेवटाला ठेवलं तर परत शेपूट घालीन, मला मी माहीत आहे.

मी सातवी शिकलेला. नाशकात गंगापूर रोडच्या एका गल्लीत माझा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, बारशी. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत धंदा जोरात होता. बटण मी दाबायचो. बाकी सगळं बायको करायची. रोल भरायची, औषधं कालवायची, फोटो सुकत घालायची, कापायची. गिऱ्हाइकाची कॉलर सरळ करून "दादा, हनुवटी जरा खाली" हेही तीच सांगायची. प्रत्येक फोटोच्या पाठीवर माझ्या नावाचा शिक्का बसायचा. तो शिक्का मात्र मी तिच्या हाती कधी दिला नाही.

तिचं माहेर सटाण्याकडचं. एका उन्हाळ्यात आईला भेटायला निघाली तेव्हा म्हणाली, "जुना कॅमेरा नेऊ का? चार फोटो उरलेत त्यात."

मला मनमाडला लग्नाची ऑर्डर होती, मी घाईत. म्हटलं, "ने. पण तिकडं शेळ्यांचे फोटो काढून रोल वाया घालू नको."

"तुमच्या नवरदेवांपेक्षा शेळ्या सरळ उभ्या राहतात," ती म्हणाली.

ती परत आल्यावर रोल त्या खेपेला मीच धुतला. आधी पासपोर्टवाल्यांची तोंडं, मग तिचे चार. चौथा बघितला आणि डार्करूममध्ये तसाच उभा राहिलो. कांदे साठवायची चाळ असते, बांबूच्या पट्ट्यांची, हवा खेळावी म्हणून फटी ठेवलेली. आत माझी सासू सडके कांदे निवडत बसली होती. फटींतून ऊन आलेलं, तिच्या अंगावर पट्टे पट्टे, आणि एक पट्टा बरोब्बर डोळ्यावर. असा फोटो मला उभ्या जन्मात जमला नव्हता.

त्या साली कांदा सडल्याची बोंब होती. इथल्या एका पेपरवाल्याला बातमीसोबत फोटो हवा होता. मी मोठी प्रिंट काढली आणि सवयीनं पाठीवर शिक्का मारला. सवयीनं हे पण खोटंच. हात एकदा थांबला होता. मग मारला.

पेपर आला तेव्हा ती कणीक मळत होती. पिठाच्या हातानं तशीच वाकून बघत राहिली.

"आई ओळखू येते," म्हणाली. मग, "खाली तुमचं नाव आहे."

"स्टुडिओचं आहे ते. आणि तू काय मोठी फोटोग्राफर लागून गेलीस? बोलाफुलाला गाठ पडली."

रागावली की ती माहेरच्या बोलीत बोलायची. हळूच म्हणाली, "हाऊ फोटो मना शे." हा फोटो माझा आहे. मी न समजल्यासारखं केलं. संसाराला इतकी वर्षं झाली होती, तिच्या बोलीतला शब्द न् शब्द मला कळत होता.

पुढं त्या फोटोला बक्षीस मिळालं. शाल, नारळ, टाळ्या. घरी आल्यावर तिनं शालीची घडी घालून कपाटात ठेवली आणि नारळाची बर्फी केली. मी खाल्ली.

दोन हजार सालानंतर डिजिटल आलं, स्टुडिओ बसला. आमची पोरगी फोटोग्राफी शिकायला लागली. तिनं तो फोटो स्कॅन करून नेटवर टाकला, खाली माझं नाव. तिच्या क्लासच्या सरांनी मला बोलावलं. म्हणाले, मुलांना बातमीच्या फोटोबद्दल चार शब्द सांगा. मी बायकोला म्हटलं, तू पण चल. मिरवायचं होतं मला.

फळ्यावर सरांनी नेटवर फोटो टाकायचे नियम लिहिले होते. मूळ फोटो जपून ठेवा, लहान प्रत टाका. ज्याचा फोटो काढला त्याला विचारा. दहा टाकू नका, सगळ्यात चांगला एकच टाका. काढणाऱ्याचं नाव लिहा.

मला चेव आला. म्हटलं, "पोरांनो, शेवटचं नीट वाचा. दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून टाकतो तो चोर."

एका मुलीनं विचारलं, "सर, तो डोळ्यावरचा उजेड तुम्ही कसा पाडला?"

"पाडला नाही. ऊन सरकायची वाट बघत थांबलो."

बायको शेवटच्या बाकावर होती. तिनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

स्कूटरवर मागं बसल्यावर सिग्नलला म्हणाली, "चोर म्हणालात ते बरं केलंत."

मी म्हटलं, "सांगतो पोरीला. येत्या रविवारी सांगतो."

"सांगा. मी काय पेपरात द्या म्हणत नाही. पोरीला तेवढं कळू द्या."

रविवार आले आणि गेले. पोरगी समोर बसून जेवायची, मी जेवून उठायचो. त्याच वर्षी बायकोला कावीळ झाली आणि आठ दिवसांत ती गेली. दवाखान्यात पोरगी उशाशीच होती. तेव्हाही सांगता आलं असतं. बायकोच्या कानावर तेवढं पडलं असतं.

तेरावं झाल्यावर सांगितलं. पोरगी रडली नाही. म्हणाली, "आण्णा, थांबलो म्हणालात त्या दिवशी क्लासात. आई थांबली होती हे तुम्हाला कसं ठाऊक?"

मग मी कपाटातून पासपोर्ट फोटोचं एक पाकीट काढलं. वर कुठल्यातरी गिऱ्हाइकाचं नाव होतं. आत बाकीच्या तीन निगेटिव्ह. पेपरवाला यायच्या आधी मीच त्या कापून वेगळ्या केल्या होत्या. पहिलीत ऊन चाळीच्या दारात. दुसरीत कांद्यांवर. तिसरीत म्हातारीच्या हातावर, आणि पेपरात गेलेल्या चौथीत डोळ्यावर. ऊन एवढं सरकायला निदान तास लागला असेल. तेवढा वेळ ती कॅमेरा धरून उन्हात उभी होती, चारच फोटो आहेत हे मनात धरून. त्या तीन निगेटिव्ह कुणी बघितल्या असत्या तर गाठ बोलाफुलाची नव्हती हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पोरीनं त्या उजेडासमोर धरल्या. लई वेळ बघितल्या. मग नेटवरचं माझं नाव पुसलं आणि की-बोर्ड माझ्याकडं सरकवला. "तुम्ही लिहा."

मी एका बोटानं बायकोचं नाव लिहिलं. अक्षरं सापडेनात, पोरगी मदतीला आली नाही.

"आणि हे तीन पण टाक," मी म्हटलं.

"एकच टाकायचा असतो, आण्णा."

"चारी टाक. ओळीनं टाक."

तिनं टाकले. माझ्याशी मात्र ती दिवाळीपर्यंत बोलली नाही.