बाबांना दाखवायचा किल्ला

एल्विराचा दिवस पहाटे चार चाळीसला सुरू झाला. रविवार होता. ती माझ्याकडे मागच्या खोलीत भाड्याने राहते आणि तिच्या दाराच्या बिजागरीला मी मुद्दाम तेल घालत नाही, म्हणून मला वेळ पक्की ठाऊक.

ती नदीकाठच्या खाणावळीत भांडी घासायला गेली. नऊला परतली, हातांना लिंबू चोळलं, निळा फ्रॉक घातला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आबिल्योकाका, चला ना माझ्याबरोबर. बाबा दहाच्या बसने येतायत."

"मी कशाला?"

"किल्ल्यावर कुठून चढायचं, तेच मला माहीत नाही."

ही पोरगी लिस्बनमध्ये इतिहास शिकते. तिसरं वर्ष. दर रविवारी फोनवर बापाला सांगते, आज किल्ला पाहिला, आज मठ पाहिला. सगळं पुस्तकातून. रविवार सगळे भांड्यांत जातात. बापाने पाठवताना बजावलं होतं, "शिकायला जातेस, तर शीक. भांडीच घासायची असली तर घरची पडलीत, परत यायचं." म्हणजे आज पकडली गेली, तर संध्याकाळच्या बसने दोघं गावाला.

मला शहर माहीत आहे, हे खरं. एकेचाळीस वर्षं मी इथल्या रस्त्यांना दगड बसवले. पांढरा चुनखडीचा, काळा बसाल्टचा. तळहातावर धरून हातोडीने घडवायचा, मग ठोकायचा. पण रस्ता किल्ल्याच्या दारापाशी संपतो, म्हणून मीही दारापर्यंतच गेलेलो. हे मी तिला सांगितलं नाही.

तिचे बाबा, तिबुर्सियो, बसमधून उतरले. बुटका माणूस, लग्नातला कोट, तळाला लोखंडी खिळे ठोकलेले बूट, काखेत परातीएवढा पाव. बाटल्यांची बुचं ज्या झाडाच्या सालीची होतात, ती साल कुऱ्हाडीने सोलायचं त्याचं काम. घाव खोल गेला की झाड बिघडतं. असा माणूस फसवायला अवघड.

"ही गल्ली तर मला तोंडपाठ आहे," म्हणत एल्विरा डावीकडे वळली. मी खोकलो. ती उजवीकडे वळली.

थोरल्या चर्चपाशी तिने साल सांगितलं, राजा सांगितला.

"राजाने बांधलं?" तिबुर्सियोने विचारलं. "स्वतःच्या हाताने?"

"नाही बाबा, बांधून घेतलं."

"मग बांधणाऱ्याचं नाव काय?"

"ते पुस्तकात नाहीये."

"बरं, मुतारी कुठे आहे?"

एल्विराने माझ्याकडे पाहिलं. तेही पुस्तकात नव्हतं.

"इतक्यांदा आलीस," तो म्हणाला, "आणि एकदाही लागली नाही?"

मी त्याला कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानातल्या मुतारीत नेऊन आणलं. मग किल्ल्याचा चढ लागला. ऊन तापलं होतं. दारापासून शंभर पावलांवर रस्त्याचा माझ्या हातचा एक तुकडा आहे. तिथे मला राहवलं नाही.

"हे बघा, तिबुर्सियो. दोन दगडांत नखसुद्धा जायचं नाही."

तो नख घालून बघायला वाकला. लोकांच्या पायांनी दगड आरशासारखे झालेले, त्यावर खिळ्यांचे बूट. माणूस जागीच बसला आणि पाव एकटाच उतारावरून घरंगळत गेला.

"काम पक्कं आहे," तो बसल्या बसल्या म्हणाला. "नख नाही गेलं."

एल्विराने हात देऊन त्याला उठवलं. उठल्यावर त्याने हात सोडला नाही. उलटा केला. साल तपासावी तसा अंगठा फिरवला.

"या भेगा कसल्या?"

"थंडीच्या."

"जूनमध्ये?"

तिने हात ओढून पाहिला. सुटला नाही.

"किल्ला बघून हात असे होत नाहीत, पोरी. कुठे घासतेस?"

"नदीकाठी."

"चल, दाखव."

किल्ला राहिला. आम्ही उतरलो. वाटेत पाव सापडला, एका कुत्र्याशी वाटणी करून.

खाणावळीच्या मागच्या दाराने तो सरळ आत शिरला. मालकीण ओरडली, त्याने टोपी काढली आणि सगळ्यांत मोठं पातेलं पालथं केलं. काठाच्या खालून बोट फिरवलं. बुडाला घासलं. बोट बघितलं.

"काजळी नाही," तो म्हणाला. "आणि अभ्यास?"

"वर्गात तिसरी आले."

"पहिल्या दोघी कुठे घासतात?"

"त्या कुठेच काम करत नाहीत, बाबा."

"मग पहिली तूच." त्याने पातेलं जागेवर ठेवलं. "खोटं का बोललीस?"

"तुम्ही परत नेलं असतंत."

"नेलंच असतं."

"आणि आता?"

"आता कंबर धरलीय. बसमध्ये तुझी ट्रंक कोण उचलणार?" तो बाकावर टेकला. "फोनवर यापुढे पातेल्यांचं सांग. राजे नकोत."

तिने सार्डिन मासे मागवले. तो अकरा खाऊन उठला आणि दारातल्या दगडावर पुन्हा सटकला. या वेळी मी धरला.

"तुमचं काम चांगलं आहे, आबिल्यो," तो म्हणाला, "पण माणसांसाठी नाही."

मला लागलं. दोष बुटांचा होता. एल्विरालाही तसंच वाटलं असावं, कारण ती आम्हाला पहिल्या उघड्या दुकानात घेऊन गेली. किल्ल्याच्या तीन तिकिटांचे पैसे, वर हिवाळ्याच्या कोटासाठी साठवलेले, असे तिने काउंटरवर ठेवले आणि बापाला रबरी तळाचे बूट घेतले.